लाल पानांना अंधार हवा

मेक्सिकोच्या गेरेरो राज्यात डोंगरउतारावर टॅक्सको नावाचे गाव आहे. चांदीच्या खाणी आणि चांदीचे कारागीर यांच्यासाठी ते प्रसिद्ध. नकाशात त्याचा अक्षांश पाहिला तर साडेअठरा अंश उत्तर निघतो, म्हणजे पुण्याचाच. दिवस-रात्रीची लांबी दोन्हीकडे वर्षभर सारखी. पाऊसही दोन्हीकडे साधारण जूनमध्ये सुरू होतो, ऑक्टोबरात आटोपतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात. या टॅक्सकोच्या परिसरातल्या घळींमध्ये, पानझडी रानात, पॉइन्सेटियाचे झुडूप आपसूक वाढते आणि दहा-बारा फूट उंच होते.

डिसेंबर लागला की आपल्याकडच्या नर्सऱ्यांत याच झुडपाच्या वीत-दीड वीत उंचीच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या दिसतात. चकचकीत कागद, सोनेरी फीत, वर लालभडक पाने. कुंडी दिवाणखान्यात टीपॉयवर बसते. नाताळ होतो, नवे वर्ष उजाडते, संक्रांतीच्या सुमारास पाने गळू लागतात. मग कुंडी आधी जिन्याखाली जाते आणि तिथून कचऱ्याच्या गाडीत. ‘ते झाड टिकतच नाही हो’ असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात.

हा निकाल बर्लिन किंवा बोस्टनमध्ये निदान समजण्यासारखा आहे. तिथे बाहेर बर्फ पडतो आणि पारा दहा अंशांखाली गेला की हे झाड कुरकुरायला लागते. घरात जागा नसेल तर ते फेकण्यावाचून गत्यंतर नाही. पण पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर इथे ते वर्षभर उघड्यावर राहू शकते. जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला लागून वाढलेली, बुंधा मनगटाएवढा झालेली पॉइन्सेटियाची झाडे अनेकांनी पाहिली असतील. कुंडीतले झाड आणि ते झाड एकच, हे मात्र लक्षात येत नाही. नेपाळात तर ते लालुपाते या नावाने दारोदारी आहे. आपण एका टिकाऊ झुडपाला पुष्पगुच्छाची वागणूक देतो. ही सवय आपली नाही, व्यापारातून आलेली आहे, आणि ती कशी आली हे पाहण्यासारखे आहे.

मेक्सिकोतले नाहुआ लोक या झाडाला क्वेटलासोचिट्ल म्हणत. लाल पानांपासून ते रंग काढत, चिकाचा औषधात उपयोग करत. स्पॅनिश मिशनरी आल्यावर, ऐन नाताळात रंगणारे झाड म्हणून ते येशूजन्माच्या देखाव्यांत आणि मिरवणुकांत शिरले. मेक्सिकोत आजही त्याला नोचेबुएना, म्हणजे नाताळची पूर्वसंध्या, असेच म्हणतात.

बाकी जगात त्याला नाव मिळाले ते जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट या गृहस्थाचे. हा दक्षिण कॅरोलायनाचा जमीनदार, गुलाम बाळगणारा, वनस्पतींचा शौकीन आणि १८२५ पासून मेक्सिकोतला अमेरिकेचा पहिला राजदूत. टॅक्सकोच्या भागात त्याला हे झाड दिसले आणि त्याने रोपे मायदेशी धाडली, अशी कथा सांगतात. १८२९ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते मांडले गेले, तिथून रॉबर्ट बुइस्ट या रोपवाटिकावाल्याने ते स्कॉटलंडला पोहोचवले आणि एडिंबरोत पॉइन्सेटचे नाव त्याला चिकटले. इतपत ठीक. पण ‘पॉइन्सेटने शोधलेले झाड’ हे जे सर्रास छापले जाते त्यात तथ्य नाही. शास्त्रीय नावातला ‘पल्चेरिमा’, अर्थात अतिसुंदर, हा शब्द बर्लिनच्या विल्डेनोव या वनस्पतिशास्त्रज्ञाने सुचवलेला. विल्डेनोव वारला १८१२ साली. पॉइन्सेट राजदूत म्हणून मेक्सिकोत पोहोचण्याच्या तेरा वर्षे आधी!

राजदूत म्हणून त्याची कारकीर्द वादग्रस्त ठरली. टेक्सास विकत घेण्याचा अमेरिकेचा मनसुबा त्याच्या गाठोड्यात होता, आणि मेक्सिकोच्या अंतर्गत राजकारणात तो इतका लुडबुडला की तिथे उर्मट ढवळाढवळीला त्याच्या नावावरून ‘पॉइन्सेटिस्मो’ म्हणू लागले. अखेर राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो यांच्या सरकारने त्याला परत बोलवा अशी मागणी केली. टॅक्सको ज्या राज्यात आहे त्या राज्याला नाव आहे ते याच गेरेरोंचे. पुढे पॉइन्सेट अमेरिकेचा युद्धमंत्री झाला आणि चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्यात आले तेव्हा ते खाते त्याच्याकडेच होते. म्हणून हल्ली अमेरिकेत काही जण या झाडाला जुन्या नाहुआ नावाने ओळखावे असा आग्रह धरतात. आपल्याकडच्या माळीबुवांनी नाव बदलावे अशी अपेक्षा नाही. पण कुंडी विकत घेताना हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

झाडाचा डिसेंबरी माल झाला तो मात्र विसाव्या शतकात, कॅलिफोर्नियात. जर्मनीहून आलेल्या आल्बर्ट एके यांच्या कुटुंबाने लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नाताळात कापलेल्या फांद्या विकायला सुरुवात केली. मुलगा पॉल याने १९२० च्या दशकात सान डिएगोजवळच्या एन्सिनिटासला शेती नेली. नातू पॉल ज्युनियर हा खरा विक्रेता. नोव्हेंबर आला की तो टीव्ही स्टुडिओंना फुकट झाडे पाठवायचा, आणि नाताळच्या कार्यक्रमांत निवेदकांच्या मागे लाल पाने झळकायची. बघता बघता अमेरिकन माणसाला पॉइन्सेटियाविना नाताळ सुना वाटू लागला. २००२ साली पॉल ज्युनियर वारला आणि त्याच वर्षी अमेरिकी प्रतिनिधीगृहाने १२ डिसेंबर हा पॉइन्सेटिया दिवस ठरवला. तारीख पॉइन्सेटच्या मृत्यूची, १८५१ मधली. मेक्सिकोत मात्र त्या दिवशी लाखो लोक ग्वादालुपेच्या मातेच्या दर्शनाला निघालेले असतात.

एके कुटुंबाकडे आणखी एक गुपित होते. रानातला पॉइन्सेटिया शेलाटा वाढतो, फांद्या मोजक्या. यांची रोपे मात्र बुटकी, भरगच्च, एका कुंडीत सात-आठ लाल तुरे. इतरांना ते जमेना. एके मंडळी कलम बांधून हा गुण एका झाडातून दुसऱ्यात उतरवत आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. १९९० च्या दशकात कलमाची ती युक्ती संशोधकांनी उघड केली, आणि १९९७ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले इंग-मिंग ली आणि सहकाऱ्यांनी त्यामागचे कारणही दाखवून दिले. या भरगच्चपणामागे आहे फायटोप्लाझ्मा, म्हणजे झाडाच्या रसवाहिन्यांत राहणारा एक जिवाणू.

शेतकऱ्यांना हा प्राणी चांगला ठाऊक आहे. वांग्याच्या पिकात एखादे झाड फळ धरायचे सोडून बारीक पानांचा झुपका होऊन बसते, त्याला पर्णगुच्छ किंवा बोकड्या म्हणतात. तुडतुडे तो पसरवतात आणि असे झाड उपटून टाकायला सांगतात. उसातली गवताळ वाढही याच जातकुळीच्या जिवाणूची करणी. वांग्यात आणि उसात जो रोग, तोच पॉइन्सेटियात कुंडीची किंमत वाढवणारा गुण! टीपॉयवरचे ते देखणे झाड वैद्यकीय अर्थाने आजारी असते, जन्मभर आजारी, आणि त्यातच त्याचे देखणेपण.

गुपित फुटल्यावर युरोपातल्या कंपन्या मैदानात उतरल्या, छाटकलमांची पैदास स्वस्त मजुरीच्या मध्य अमेरिकेकडे सरकली आणि २०१२ साली एके कुटुंबाचा व्यवसाय परक्या उद्योगसमूहाला विकला गेला. आज मेक्सिकोतला शेतकरी आपल्याच मातीतल्या झाडाचे वाण लावतो तेव्हा बहुतेक वेळा परदेशी कंपनीला स्वामित्वशुल्क मोजतो. आपल्याला इथे हळदीची आठवण होणे साहजिक आहे. जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेने १९९५ साली पेटंट देऊन टाकले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना त्या संस्थेने लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. दोन्ही गोष्टी कायद्याने एक नाहीत. हळदीत जुन्या ज्ञानावरच हक्क सांगितला होता, इथे नव्याने घडवलेल्या वाणावर आहे, आणि वाण घडवणाऱ्याची मेहनत नाकारता येत नाही. तरीही मूळ झाड ज्यांच्या घळींत वाढले त्यांना त्यातून काय मिळाले, हा प्रश्न उरतोच. २०१२ साली मेक्सिकोतल्या लॉरा त्रेहो आणि सहकाऱ्यांनी रानातल्या व बागेतल्या झाडांच्या डीएनएची तुलना केली, तेव्हा अमेरिकी बागांतल्या वाणांचे नाते उत्तर गेरेरोशीच जुळले. म्हणजे टॅक्सकोची कथा अगदीच हवेतली नसावी.

एका गैरसमजाचा निकाल इथेच लावलेला बरा. पॉइन्सेटिया विषारी आहे म्हणून अनेक घरांत, विशेषतः लहान मूल असेल तर, त्याला प्रवेश नसतो. ही भीती १९१९ सालच्या हवाई बेटांवरच्या एका ऐकीव गोष्टीतून पसरली: एका लष्करी अधिकाऱ्याचे मूल म्हणे पान खाऊन दगावले. पुरावा कधीच मिळाला नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या विषबाधा-सल्ला केंद्रांकडच्या २२,७९३ नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत एकही मृत्यू नव्हता आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना काहीच झाले नव्हते. तेवीसएक किलोच्या मुलाने पाचशेहून अधिक पाने खाल्ली तर धोका संभवतो, असा हिशेब सांगितला जातो, आणि चवीला ती इतकी वाईट की दुसरे पान कोणी तोंडात घालणार नाही. चीक मात्र त्वचेला झोंबतो, डोळ्यात जाऊ देऊ नये, मांजराने पान चघळले तर ओकारी होऊ शकते. शेर, निवडुंग, एरंड ही याच कुळातली मंडळी, तेव्हा चिकाचा स्वभाव आपल्याला नवा नाही. गंमत अशी की खऱ्या अर्थाने जहाल असलेली कण्हेर आपण महामार्गाच्या दुभाजकांत मैलोन्मैल लावतो आणि पिवळी बिट्टी शाळेच्या आवारातही असते. त्यांच्याबद्दल कोणी ब्र काढत नाही.

आता मुद्द्याचे. या झाडाचे लाल ते फूल नव्हे. ती पानेच; बोगनवेलीसारखीच रंगलेली छदे. खरी फुले मधोमध असतात: मुगाएवढ्या हिरवट-पिवळ्या वाट्या, प्रत्येकीच्या कडेला मधाचा थेंब धरणारी पिवळी ओठासारखी ग्रंथी. विकत घेताना लाल पाने पाहण्यापेक्षा या वाट्या पाहाव्यात. त्या घट्ट मिटलेल्या असतील तर कुंडी पुढे महिनाभर रंगात राहील. उमलून पराग सांडत असतील किंवा गळून गेल्या असतील तर झाडाचा हंगाम उतरणीला लागला आहे, कितीही लाल दिसो.

ही पाने रंगतात ती रात्रीच्या लांबीवर. सलग बारा तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंधार रोज मिळू लागला की झाड कळ्या धरते आणि तिथून आठ-दहा आठवड्यांत रंग पुरा चढतो. पुण्यात सप्टेंबर संपता संपता रात्र बारा तासांच्या वर जाते, डिसेंबरात ती तेरा तासांपर्यंत पोहोचते. म्हणजे सप्टेंबरअखेर सुरुवात आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लाली. जसे टॅक्सकोत तसेच इथे, कोणी काही न करता.

आपल्याकडचे सल्ले मात्र याकडे पाहतच नाहीत. ‘ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी पाचला झाडावर खोका घाला आणि सकाळी आठला काढा’ ही सूचना बागकामाच्या बहुतेक मराठी मजकुरांत जशीच्या तशी उतरलेली असते. ती लिहिली आहे थंड देशांतल्या माणसासाठी, ज्याला गारठ्यामुळे झाड घरात ठेवावे लागते आणि घरात रात्री दहा-अकरापर्यंत दिवे जळतात. खोका त्या दिव्यांसाठी आहे. आपण झाड बाहेर ठेवू शकतो. उलट ऑक्टोबर हीटमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंडले तर ते उकडते, आणि गरम रात्रींनी कळ्या धरणे लांबते. मुंबईत, कोकणपट्टीत रंग पठारापेक्षा उशिरा आणि फिका येतो, त्याला हीच दमट, उबदार रात्र बऱ्याच अंशी जबाबदार.

आपली खरी अडचण वेगळी आहे आणि ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार वाढली: बाहेरचा उजेड. रस्त्यावरचे पांढरे एलईडी, सोसायटीच्या कुंपणावरचे फ्लडलाइट, पार्किंगमधले रात्रभर जळणारे दिवे, गच्चीवर दिवाळीत लावलेल्या आणि तुळशीच्या लग्नानंतरही न उतरवलेल्या माळा. झाडाला हा उजेड आणि दिवस यांतला फरक कळत नाही. रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लागला तरी अंधार तुटला असा त्याचा हिशेब होतो. पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी हे तंत्र मुद्दाम वापरतात: फुले लांबवायची तर रात्री दिवे लावायचे, लवकर हवी तर काळा कपडा ओढायचा. शेवंतीसाठी आपण हे पैसे मोजून करतो आणि बाल्कनीतल्या झाडाला नकळत तीच वागणूक देऊन, पाने हिरवीच राहिली म्हणून खताला दोष देतो. एकाच झाडाची रस्त्याकडची बाजू हिरवी आणि भिंतीकडची लाल, असाही प्रकार दिसतो. सोसायटीच्या सभेत पाणी, पार्किंग आणि लिफ्ट यांच्या जोडीला रात्री अकरानंतर कुठले दिवे खरोखर लागतात हाही विषय निघायला हवा. झाडासाठी म्हणून नको असेल तर विजेच्या बिलासाठी काढा.

बाकी निगा सोपी आहे. कुंडी घरी आली की पहिल्या दिवशी तो चकचकीत कागद फाडून टाकावा. त्याच्या तळाशी पाणी साचते आणि मुळे कुजून जेवढी झाडे मरतात तेवढी कशानेही मरत नसावीत. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नये, एसीच्या झोताखाली तर नाहीच. भरपूर उजेडाची खिडकी किंवा सकाळचे ऊन येणारी बाल्कनी उत्तम. पॉलिहाऊसच्या उजेडातून आलेले झाड घरात पहिल्या आठवड्यात चार-दोन पाने टाकते, त्यासाठी घाबरायचे कारण नाही. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी या दोन पाहुण्यांवर तेवढी नजर हवी: पानाच्या मागे, देठाच्या बेचक्यात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग उतरला की सगळ्या फांद्या वीतभर ठेवून छाटाव्यात. चीक ओघळेल, हातमोजे घालावेत. छाटलेल्या कांड्या फेकू नयेत. चीक थांबला, टोक सुकले की रेताड मातीत खोचल्या तर बऱ्याचशा जगतात. मूळ झाड उन्हाळाभर जेमतेम पाण्यावर, दुपारच्या उन्हापासून थोडे आडोशाला ठेवावे. मूळच्या रानातही त्याला त्या दिवसांत कोरडाच काळ काढावा लागतो. पहिला पाऊस झाला की मोठी कुंडी, निचऱ्याची माती, शेणखत. जागा असेल त्याने सरळ जमिनीत लावावे, रस्त्याच्या दिव्याकडे पाठ करून.

दुसऱ्या वर्षी अनेकांची तक्रार येते की झाड वेडेवाकडे उंच झाले, नर्सरीतल्यासारखे राहिले नाही. राहणार नाहीच. विक्रीच्या कुंड्यांना वाढ रोखणारी संजीवके दिलेली असतात आणि त्यांचा अंमल काही महिन्यांत उतरतो. हे नर्सरीवाल्यांनी कुंडीला चिठ्ठी लावून सांगायला हरकत नाही. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी नवी कुंडी घेणार नाही ही भीती असेल तर ती त्यांनी उघड बोलून दाखवावी. ज्यांना झाड ठेंगणेच हवे त्यांनी जून ते ऑगस्ट दर तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडावेत, म्हणजे फांद्या फुटून ते भरते. गौरी-गणपती आटोपले की मात्र कात्री बाजूला ठेवावी, कारण त्यानंतर जो शेंडा खुडला जाईल तो डिसेंबरात लाल होणाराच असतो.